पालकांना फोन करण्यापूर्वी चार वर्षांचा खर्च लिहून काढा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात आपण सहायक प्राध्यापक आहात. यंदा प्रत्येक प्राध्यापकाला पंधरा प्रवेशांचे उद्दिष्ट दिले गेले आहे. बारावीची मुले आपल्याशी मोकळेपणाने बोलतात, महाविद्यालय पाहून जातात, पण घरी गेल्यावर विषय थंडावतो आणि पुढे कोणी फोनही उचलत नाही. पालकांपर्यंत केव्हा व कसे पोहोचावे आणि त्यांच्याशी काय बोलावे, असे आपण विचारले आहे. अशाच एका महाविद्यालयात मी सोळा वर्षे प्रवेशाचे काम केले, त्यांतली नऊ वर्षे समन्वयक म्हणून. त्या अनुभवावर हे उत्तर आधारलेले आहे.

विषय थंडावतो तेव्हा पालकांना महाविद्यालय आवडले नाही असे आपण समजतो. बहुतेक वेळा त्यांनी महाविद्यालयाचा विचारच केलेला नसतो, कारण त्याआधीचा हिशेब पुरा झालेला नसतो. मुलगा घरी जाऊन प्रयोगशाळा, वायफाय आणि कॅम्पस मुलाखतींविषयी सांगतो. वडिलांच्या मनात मात्र एकूण किती पैसे लागतील आणि ते कोणत्या महिन्यात लागतील, एवढाच प्रश्न असतो. आपल्या माहितीपत्रकात याचे उत्तर नसते. तिथे पहिल्या वर्षाचे शुल्क असते, त्याखाली ‘शासकीय शिष्यवृत्ती उपलब्ध’ ही ओळ असते आणि शेजारी मोठ्या कंपन्यांची बोधचिन्हे असतात. ज्या माणसाला सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास मिळतात आणि उसाचे बिल कारखान्याच्या सोयीने येते, त्याला या कागदावरून कसलाही निर्णय घेता येत नाही. मग तो नकारही देत नाही आणि होकारही देत नाही, ‘बघू’ म्हणतो.

म्हणून पहिले काम फोनचे नाही. एका पानावर, मराठीत, चार वर्षांचा खर्च लिहून काढा. शुल्क नियामक प्राधिकरणाने आपल्या महाविद्यालयासाठी मंजूर केलेले शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क, परीक्षा शुल्क, परत मिळणारी अनामत, वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके, लॅपटॉप आणि रोज जाऊन येऊन करणाऱ्यासाठी एसटीचा पास, असे सर्व त्यात यायला हवे. उदाहरणापुरते आकडे घेऊ. शिक्षण शुल्क ८०,००० रुपये आणि विकास शुल्क ८,००० रुपये आहे आणि विद्यार्थी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला पात्र आहे असे समजा. या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काची ५० टक्के रक्कम शासन भरते. म्हणजे घरातून वर्षाला ४८,००० रुपये जातील आणि चार वर्षांचे १,९२,००० होतील. वसतिगृह व मेस मिळून वर्षाला ६०,००० धरले तर त्यात २,४०,००० रुपयांची भर पडते. एकूण ४,३२,००० रुपये. हा आकडा पाहून पालक घाबरतील अशी भीती व्यवस्थापनाला वाटते, आणि मलाही सुरुवातीला वाटत असे. प्रत्यक्षात पूर्ण आकडा समोर आला की पालक बोलू लागतात. हप्ते पडतील का, वसतिगृहाऐवजी खोली घेतली तर किती, धाकटीच्या बारावीचे वर्ष यातल्या कोणत्या वर्षात येते, असे प्रश्न सुरू होतात. त्यानंतरच महाविद्यालयाविषयी बोलण्यात अर्थ असतो.

शिष्यवृत्तीबद्दल बोलताना अत्यंत सावध राहावे, असे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका पालकांना मी ‘तुम्हाला काही भरावे लागणार नाही’ असे तोंडी सांगितले होते. विद्यार्थी पात्र होता, अर्जही महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या शासकीय संकेतस्थळावर, वेळेत भरला होता. तथापि आधार क्रमांक बँक खात्याशी नीट जोडलेला नव्हता, त्यामुळे रक्कम अडकली, आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या लेखा विभागाने त्यांच्याकडे मागील बाकी मागितली. ते माझ्या टेबलापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, ‘सर, तुम्ही म्हणाला होता म्हणून मी दुसरीकडे कुठे विचारलं नाही.’ त्या गावातून पुढची तीन वर्षे आमच्याकडे एकही अर्ज आला नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. तेव्हापासून आमच्या खर्चाच्या कागदावर शिष्यवृत्तीचा वेगळा रकाना असे. योजनेचे नाव, पात्रतेची अट, अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो ही सूचना आणि रक्कम उशिरा आली तर महाविद्यालय काय करील, हे सर्व त्यात लिहिलेले असे. शेवटच्या मुद्द्यावर प्राचार्यांची सही घेण्यासाठी मला दोन वर्षे भांडावे लागले.

पात्रतेचे तपशील आपल्याला तोंडपाठ हवेत, कारण पालक योजनेच्या नावाने विचारत नाहीत, ‘आम्हाला काय बसतं?’ असे विचारतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २.५० लाखांच्या उत्पन्नापर्यंत शिष्यवृत्ती आणि त्यापुढे फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. शाहू महाराज योजनेचा लाभ एका कुटुंबातील दोन अपत्यांपुरताच आहे, ही अट तिसऱ्या अपत्याच्या प्रवेशाच्या वेळी कळली तर घरात भांडण होते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, ५ टक्के अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, जागा असतात आणि त्या गुणवत्तेवर भरतात. मुलींच्या पालकांना तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय छापूनच दाखवावा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत त्याने मिळाली. ‘मुलींना सगळे फुकट’ एवढेच गावात पोहोचलेले असते. वसतिगृह, मेस आणि विकास शुल्क त्यात येत नाही, हे सांगण्याचे अप्रिय काम आपल्याला करावे लागते, आणि ते प्रवेशाआधीच करावे.

याच ठिकाणी एक गोष्ट बहुतेक महाविद्यालये पालकांपासून दडवतात, ती आपण दडवू नये. या सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून, झालेल्या प्रवेशांना आहेत. संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांवर, प्रवेश घेतला तर त्या मिळत नाहीत. मे महिन्यात पालक येतात आणि ‘सर, सीट पक्की करून टाका’ म्हणतात. समोर उद्दिष्ट असते, पालक पैसे घेऊन आलेले असतात, आणि ‘करून टाकू’ म्हणण्याचा मोह होतो. ज्याला कॅपमधून तीच शाखा निम्म्या शिक्षण शुल्कात मिळाली असती, त्याला आपण संस्थास्तरीय जागेवर पूर्ण शुल्क भरायला लावतो. ऑगस्टमध्ये शेजारच्या बाकावरील मुलाकडून त्याला हे कळते. मग त्या घराचा महाविद्यालयावरचा विश्वास संपतो आणि तो चार वर्षे संपलेलाच राहतो. शिवाय विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि शुल्क २०१५ च्या राज्य अधिनियमाने नियंत्रित केलेले आहेत. संस्थास्तरीय २० टक्के जागाही गुणवत्ता यादीनेच भरावयाच्या असतात. मंजूर शुल्काबाहेर काही घेणे १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत जाते. जागा ‘बुक’ करण्यासाठी मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची प्रथा अजून कुठे कुठे दिसते. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. आपल्या वरिष्ठांनी असे काही करायला सांगितले तर लेखी आदेश मागावा. तो येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता वेळेविषयी. निकाल लागल्यानंतर पालकांना फोन सुरू करणारे महाविद्यालय त्या आठवड्यातले विसावे असते. पालकांशी खरी ओळख डिसेंबर आणि जानेवारीत होते, आणि ती कागदपत्रांच्या निमित्ताने होते. नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. जुने प्रमाणपत्र हातात आहे म्हणून निश्चिंत राहिलेले पालक जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांगेत उभे असतात. जात वैधतेचा प्रस्ताव उशिरा दाखल झाला आणि प्रमाणपत्र मुदतीत आले नाही, तर राखीव प्रवर्गातील जागा हातची जाऊ शकते. आम्ही तालुक्यांतील कनिष्ठ महाविद्यालयांत जानेवारीत दोन तासांचा कागदपत्र मेळावा घेऊ लागलो. कोणते प्रमाणपत्र कोणत्या कार्यालयातून मिळते, किती दिवस लागतात, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जातीची नोंद आणि वडिलांच्या दाखल्यावरील नोंद जुळते का, एवढेच त्यात पाहिले जाई. आमच्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक तिथे वाटायचे नाही, असा माझा नियम होता आणि त्यावरून विपणन विभागाशी माझे वाजलेही. पण ज्या पालकांचा दाखला आमच्या सांगण्याने वेळेत झाला, ते जूनमध्ये फोन न करताच आले. अर्थात त्यांतले अनेक जण पुण्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांतही गेले. तेही धरून चालावे.

कोणत्या महिन्यात कोणाशी बोलता येईल, हे भागावर अवलंबून आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात निर्णय आजोबा किंवा चुलते घेतात, आणि आपण ‘वडिलांना फोन द्या’ असा आग्रह धरला तर संभाषणच तुटते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस वेळेवर आला असेल तर दिवसा फोन करू नये, कारण पेरणी चालू असते. मी संध्याकाळी सात ते साडेआठ हीच वेळ पाळत आलो. बाजाराच्या दिवशी मात्र तालुक्याच्या गावी कुठेतरी बसलो तर पालक स्वतः भेटायला येतात, हे मला एका शिपाई सहकाऱ्याने शिकवले. मी तोवर दुपारी बारा वाजता, वर्ग नसताना, म्हणजे माझ्या सोयीने फोन करत होतो.

फोन क्रमांकाची एक अडचण नवख्यांच्या लक्षात येत नाही. सीईटीचा अर्ज बहुधा नेट कॅफेत भरलेला असतो, आणि त्यावरचा ईमेल तर हमखास कॅफेवाल्याचा असतो, कधी कधी मोबाईल क्रमांकही त्याचाच असतो. आपण ज्यांना पालक समजून चार वेळा संदेश पाठवले ते प्रत्यक्षात कॅफेचे मालक असतात. याहून गंभीर म्हणजे कॅप अर्जाचा ओटीपी आणि पासवर्ड तिथेच राहतो आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम, तिसराच माणूस भरून टाकतो. म्हणून पहिल्या भेटीतच पालकांना सांगावे की अर्जावर घरातला क्रमांक द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि तो आम्हालासुद्धा सांगू नका. बाजारात मिळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या याद्या विकत घेऊन फोन करण्याची पद्धत मला कधीच मान्य नव्हती. आता तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती हे तत्त्व घालून दिले आहे, आणि बारावीची बरीच मुले सतरा वर्षांची असतात. मेळाव्यात कागदावर, कशासाठी हवा हे लिहून, पालकांच्या सहीने घेतलेला क्रमांक वापरावा. तो उचललाही जातो.

संभाषणाची सुरुवात साधी असावी. ‘नमस्कार, मी अमुक महाविद्यालयातून बोलतो आहे, आपला क्रमांक जानेवारीच्या मेळाव्यात आपण दिला होता, आता बोलायला वेळ आहे का?’ एवढे पुरते. ‘अभिनंदन, आपल्या पाल्याची निवड झाली आहे’ हे वाक्य कधीही उच्चारू नये. ते खोटे आहे. काका, मावशी अशी नाती पहिल्याच फोनवर जोडू नयेत. विमा विकणारेही तेच करतात. मुलाला शेजारी बसवून बोलायला सांगावे, म्हणजे त्याच्यामागे त्याच्याविषयी ठरवले जात नाही आणि आपण काय सांगितले याचा एक साक्षीदारही राहतो.

पर्सेंटाइल समजावून सांगणे हा फोनवरचा सर्वांत नाजूक भाग आहे. साठ पर्सेंटाइल म्हणजे प्रथम श्रेणी, असे अनेक वडिलांना वाटते आणि मुलाने तो गैरसमज तसाच राहू दिलेला असतो. गटात परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी साठ जणांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, असा त्याचा अर्थ आहे, हे सांगावेच लागते. मात्र मुलगा शेजारी असताना ‘हे काही फार नाहीत’ असे म्हणू नये. मी थेट मागील वर्षाच्या कट-ऑफची अधिकृत यादी उघडून, या पर्सेंटाइलला आपल्या प्रवर्गात कोणती शाखा कुठे मिळाली होती, ते वाचून दाखवत असे. त्यात दुसऱ्या महाविद्यालयांची नावे येतात. येऊ द्यावीत. पालक ती यादी कुठून तरी पाहणारच असतात. फेऱ्यांची संख्या आणि मिळालेली जागा केव्हा स्वीकारावीच लागते याचे नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका हाताशी असल्याशिवाय पसंतीक्रमाचा सल्ला देऊ नये. आपल्या महाविद्यालयाचे नाव पहिल्या क्रमांकावर टाकायला सांगणे तर निव्वळ अन्याय आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की ती जागा आपोआप गोठते आणि मुलाचे पुढचे दार बंद होते.

आईशी बोलणे बहुतेक पुरुष प्राध्यापक टाळतात. वडील फोन तिच्याकडे देतात तेव्हा आपण दोन वाक्यांत संपवतो. विशेषतः मुलगी असेल तर अंतिम शब्द पुष्कळदा आईचाच असतो, आणि तिचे प्रश्न आपल्या माहितीपत्रकात कुठेच नसतात. वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते, रेक्टर बाई तिथेच राहतात का, आजारी पडली तर कोण नेईल, शेवटची एसटी किती वाजता सुटते आणि प्रात्यक्षिक त्याआधी संपते का. आमच्याकडे शेवटची गाडी साडेपाचला होती आणि प्रात्यक्षिक पावणेसहाला संपत असे. हे आम्हाला एका आईने दाखवून दिले. वेळापत्रक बदलायला एक सत्र गेले. रॅगिंगविषयीही तीच विचारते. तिला कायद्याची कलमे नकोत. रॅगिंगविरोधी समितीतील एका प्राध्यापिकेचा क्रमांक आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी, एवढे लिहून द्यावे.

नोकरीच्या प्रश्नावर आपली सर्वांत जास्त परीक्षा होते. फलकावर सर्वोच्च पॅकेज असते आणि ते एका मुलाचे असते. आपले महाविद्यालय एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, भाग घेत असेल, तर नोकरी मिळालेल्यांची संख्या आणि मध्यक वेतन त्या माहितीत द्यावेच लागते. तोच आकडा पालकांना सांगावा, तो लहान असला तरी. ‘साठ जणांच्या वर्गात अठ्ठावीस जणांना नोकरी लागली, मधल्या मुलाला इतके मिळाले’, हे ऐकून पालक उठून जातात असे मला दिसलेले नाही. त्यांच्या ओळखीत पुण्यात असलेला भाचा किंवा पुतण्या त्यांना खरे सांगतच असतो. तो भाचा पुष्कळदा खरा निर्णयकर्ता असतो, म्हणून ‘घरात याविषयी आणखी कोणाशी बोलू का?’ असे मी आवर्जून विचारतो. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांच्या पालकांबाबत यांतले बरेचसे लागत नाही. त्यांनी तीन वर्षे तंत्रनिकेतन पाहिलेले असते, ते फक्त शुल्क आणि शाखा विचारतात.

एजंटांविषयी आपण काही विचारलेले नाही, पण ते आपल्या वाटेत येतीलच. प्रत्येक प्रवेशामागे दलाली देणारी महाविद्यालये आहेत. ती रक्कम कुठेतरी विद्यार्थ्याच्याच खर्चातून वसूल होते. याऐवजी आपल्याच तिसऱ्या वर्षातील, त्याच तालुक्यातील विद्यार्थ्याच्या पालकांना विचारून त्यांचा क्रमांक नव्या पालकांना द्यावा. त्यांना काय बोलायचे ते शिकवू नये आणि मोबदलाही देऊ नये. ते मेसच्या भाजीबद्दल तक्रार करतील. करू द्यावी.

आपल्या पंधराच्या उद्दिष्टाचे काय? मी प्राचार्यांकडे उद्दिष्ट बदलून मागितले होते. प्रवेशांऐवजी, किती पालकांना खर्चाचा पूर्ण कागद समजावून दिला, याची मोजणी करू असे मी सुचवले. पहिल्या वर्षी ते मान्य झाले नाही. दुसऱ्या वर्षी, प्रवेश रद्द करून जाणाऱ्यांची संख्या माझ्या यादीत कमी निघाल्यावर, मान्य झाले. रद्द होणारा प्रवेश महाविद्यालयाला महाग पडतो, कारण ठरलेल्या मुदतीत रद्द केल्यास १,००० रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत आणि जागा मात्र रिकामी राहते. आपण हा हिशेब आपल्या व्यवस्थापनापुढे याच भाषेत मांडून पाहावा.

आत्ता हातात जे दिवस आहेत त्यांत, ज्या मुलांनी महाविद्यालय पाहिले आणि नंतर फोन उचलला नाही, त्यांच्या घरी खर्चाचा कागद टपालाने पाठवा. सोबत विनंतीपत्र नको. कागदाच्या तळाशी आपले नाव, आपला स्वतःचा मोबाईल क्रमांक आणि कोणत्या वेळी आपण फोन घ्याल ते हाताने लिहा. फोन आला तर वरीलप्रमाणे बोला. आला नाही तर आठ दिवसांनी, संध्याकाळी सातनंतर, एकदाच करा आणि कागद मिळाला का, त्यातला एखादा आकडा कळला नाही का, एवढेच विचारा.